मोटारीच्या एंजिनावरील साहाय्यक पट्टे : ताण, घर्षण आणि जतन

मोटारीच्या एंजिनात उत्पन्न होणारी सर्व शक्ती चाकांपर्यंत पोहोचत नाही. तिचा एक लहानसा वाटा भुजादंडाच्या, म्हणजेच क्रँकशाफ्टच्या, पुढील टोकाशी बसविलेल्या पुलीवरून एका रबरी पट्ट्यावाटे इतर यंत्रांकडे वळविला जातो. थंडाईचे पाणी फिरविणारा पंप, वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, काही गाड्यांत सुकाणू हलके करणारा तेलाचा पंप आणि वातानुकूलनाचा काँप्रेसर ही ती यंत्रे होत. जुन्या गाड्यांत ह्याच पट्ट्यावर रेडिएटरचा पंखाही फिरत असे. त्यामुळे कारखान्यांत आणि गॅरेजांत त्याला ‘फॅन बेल्ट’ हे नाव पडले, आणि पंखा विजेवर चालू लागल्यानंतरही ते टिकून राहिले. कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या एंजिनावर ही रचना अगदी साध्या रूपात पाहावयास मिळे : भुजादंड, पाण्याचा पंप व पंखा, आणि वीजजनित्र अशा तीन पुल्यांचा एक त्रिकोण, आणि त्याभोवती एकच पट्टा.

एंजिनाच्या इतर भागांच्या तुलनेने हा पट्टा स्वस्त व दिसावयास क्षुल्लक असतो. म्हणून त्याच्याविषयीचा व्यवहारही ढोबळ राहिला आहे. पट्टा ओरडू लागला की तो ओढून घट्ट करावयाचा, आणि तुटला की बदलावयाचा, एवढेच त्या व्यवहाराचे सूत्र. ह्यातील दुसऱ्या भागाविषयी वाद नाही. पहिला भाग मात्र निम्म्याहून अधिक प्रसंगी चुकीचा ठरतो. कारण पट्ट्याच्या ताणाला जशी खालची मर्यादा आहे तशीच वरचीही आहे, आणि पट्ट्याचा आवाज हा नेहमी सैलपणाचाच आवाज असतो असे नाही. ह्या दोन मर्यादा कोठून येतात हे पाहिले म्हणजे समायोजनाचे नियम पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

पुलीवरून जाणारा पट्टा शक्ती वाहून नेतो तो त्याच्या दोन बाजूंच्या ताणांतील फरकामुळे. एक बाजू ताठ असते, दुसरी सैल. पट्टा घसरण्याच्या अगदी बेतात असताना ह्या दोन ताणांचे गुणोत्तर किती असू शकते हे लिओन्हार्ड ऑयलर ह्यांनी अठराव्या शतकात दाखविले आणि योहान आयटेलव्हाइन ह्यांनी १८०८ च्या आपल्या स्थितिशास्त्रावरील ग्रंथात ते अभियंत्यांच्या उपयोगात आणले. घर्षणांक आणि वेढ्याचा रेडियनमधील कोन ह्यांचा गुणाकार घ्यावयाचा, आणि २.७१८ ह्या संख्येचा तितका घात काढावयाचा. ते ह्या गुणोत्तराचे कमाल मूल्य होय. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, ह्या सूत्रात पुलीच्या व्यासाला स्थान नाही. पुली लहान की मोठी ह्यापेक्षा पट्टा तिला किती अंशांत कवटाळतो हे महत्त्वाचे. अल्टरनेटरची पुली सर्वांत आधी घसरते ती मुख्यतः वेढा अपुरा आणि भार मोठा म्हणून.

व्ही आकाराच्या पट्ट्याने ह्या गणितात मोठा फेर घडविला. मोटारींसाठी असा रबरी पट्टा १९१७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स ह्यांनी तयार केला, असे श्रेय त्यांना देण्यात येते. असा पट्टा खोबणीच्या तळावर टेकत नाही. तो तिच्या दोन उतरत्या भिंतींमध्ये पाचरीसारखा बसतो. परिणामी भिंतींवरील दाब वाढतो आणि घर्षणांक जणू खोबणीच्या अर्ध्या कोनाच्या ज्येने भागला जातो. खोबणीचा कोन ३६ अंश धरल्यास १८ अंशांची ज्या सुमारे ०.३०९ येते, म्हणजे परिणामी घर्षणांक सव्वातीनपट होतो.

हा फरक व्यवहारात किती आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या मंद गतीने चालले आहे, भुजादंडाच्या पुलीचा व्यास १५ सें. मी. आहे, आणि अल्टरनेटर १४ व्होल्टना ५० अँपिअर देत आहे असे मानू. विजेची शक्ती ७०० वॉट झाली. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरल्यास पट्ट्याने सुमारे १,२७० वॉट पोहोचविले पाहिजेत. पट्ट्याचा वेग सेकंदाला ६.३ मीटर येतो, तेव्हा ताणांतील आवश्यक फरक २०० न्यूटनांच्या आसपास ठरतो. घर्षणांक ०.३ आणि वेढा १२० अंश घेतला तर सपाट पट्ट्यासाठी कमाल गुणोत्तर १.८७ येते; त्यामुळे सैल बाजूला सुमारे २३० व ताठ बाजूला ४३० न्यूटन ताण असल्याशिवाय काम भागत नाही. व्ही पट्ट्यासाठी तेच गुणोत्तर ७.६ होते, आणि ३० व २३० न्यूटनांत काम होते. आता पट्टा पावसाच्या पाण्याने भिजून घर्षणांक ०.१ वर आला असे समजू. गुणोत्तर लगेच १.९७ पर्यंत उतरते, आणि त्याच व्ही पट्ट्याला सुमारे २०५ व ४०५ न्यूटनांची गरज पडते. भिजलेला व्ही पट्टा कोरड्या सपाट पट्ट्याहून फारसा सरस राहत नाही. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेताना पट्टा अकस्मात किंचाळू लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप गप्प बसतो, ह्या नित्याच्या अनुभवाचे स्पष्टीकरण ह्या आकड्यांत आहे.

दुसरीही एक गोष्ट ह्यावरून निघते. शक्ती तीच असताना वेग वाढला की ताणांतील फरक कमी लागतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर वरील २०० न्यूटनांचे ८० होतात. म्हणून सैल पट्ट्याची परीक्षा भरधाव वेगात होत नाही. ती सकाळी एंजिन सुरू केल्याबरोबर होते, जेव्हा गती मंद असते, बॅटरीची नुकतीच खर्ची पडलेली भर अल्टरनेटरला भरून काढावयाची असते, आणि रबर थंड असते. मंद गतीत आणखी एक अडचण असते. चार सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, आणि भुजादंड एकसारखा न फिरता धक्क्याधक्क्याने फिरतो. अल्टरनेटरचा जड फिरता भाग ह्या चढउताराला विरोध करतो. त्यामुळे पट्ट्यातील ताण सेकंदाला पंचवीस-तीस वेळा वर-खाली होतो. पाणी, थंडी, हे धक्के, इतर यंत्रांचा भार, आणि नवा पट्टा प्रथम थोडा सैल पडतो ही वस्तुस्थिती, ह्या सर्वांसाठी जागा ठेवावी लागते. उत्पादकांनी दिलेला ताण कित्येक शे न्यूटनांचा असतो तो एवढ्यासाठी.

तर मग आणखी थोडा घट्ट केला तर बिघडले कोठे? बिघडते ते बेअरिंगमध्ये. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य त्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. ताण ३० टक्क्यांनी वाढविला तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. दुप्पट केला तर एक-अष्टमांश उरते. पट्टा सैल असेल तर तो आवाज करून, दिव्यांचा उजेड मंद करून, आपली तक्रार मांडतो. अतिघट्ट पट्टा मात्र मूक असतो. त्याची किंमत काही महिन्यांनी पाण्याच्या पंपातून टिपकणाऱ्या थेंबांच्या किंवा अल्टरनेटरच्या घरघरीच्या रूपाने चुकवावी लागते, आणि तेव्हा त्या दोषाचा संबंध पूर्वी घट्ट केलेल्या पट्ट्याशी सहसा कोणी जोडत नाही. योग्य ताण म्हणजे सर्वांत कठीण परिस्थितीतही पट्टा घसरू न देणारा किमान ताण, ही व्याख्या म्हणून नीट ध्यानात घेतली पाहिजे.

हा ताण मोजावयाचा कसा? सर्वांत जुने साधन अंगठा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर सुमारे १० किलोग्रॅम जोराने दाबावयाचे आणि पट्टा किती लवतो ते पट्टीने पाहावयाचे. अंतर ३० सें. मी. च्या आसपास असेल तर साधारण १ सें. मी. लवणे योग्य, असा ढोबळ ठोकताळा आहे. अर्थात त्या त्या एंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा मिळत असेल तर ठोकताळा बाजूला ठेवावा. ह्या पद्धतीमागील भूमिती सोपी आहे. दाबाला अंतराने गुणून लवण्याच्या चौपटीने भागले की ताण मिळतो. १०० न्यूटन, ३०० मि. मी. आणि १० मि. मी. घेतल्यास ७५० न्यूटन येतात. पट्टा वाकविण्यात व किंचित ताणण्यात काही दाब खर्च होतो, म्हणून प्रत्यक्ष ताण ह्याहून कमी असतो. परंतु खरी अनिश्चितता अंगठ्याची आहे. १० किलोग्रॅम समजून एकाने ७ चा जोर लावला व दुसऱ्याने १३ चा, तर दोघांनी ‘बरोबर’ ठरविलेल्या पट्ट्यांचे ताण जवळजवळ दुपटीने वेगळे असतील. आणि वर पाहिलेला घनाचा नियम लक्षात घेता बेअरिंगच्या आयुष्यात सहापटीहून अधिक अंतर पडेल. साध्या स्प्रिंगच्या काट्याने पट्टा ओढून पाहिला तरी हा दोष पुष्कळसा दूर होतो.

कंपनाची पद्धत अधिक विश्वसनीय आहे. मोकळ्या भागावर टिचकी मारली असता पट्टा तारेसारखा कंप पावतो, आणि त्याची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. मीटरला १२० ग्रॅम वजनाचा पट्टा ३० सें. मी. अंतरात ४०० न्यूटनांनी ताणलेला असेल तर कंप्रता सेकंदाला सुमारे ९६ येते. ती ७७ वर उतरली, म्हणजे पाचवा हिस्सा घटली, तर ताण एक-तृतीयांशाहून अधिक गेला असे समजावे. ह्यासाठी स्वतंत्र उपकरणे मिळतात. ध्वनीची कंप्रता दाखविणाऱ्या मोबाइल दूरध्वनीनेही काम भागते, मात्र अंतर व पट्ट्याचे वजन ठाऊक असले पाहिजे.

ज्या एंजिनांत ताण हाताने साधावा लागतो तेथे अल्टरनेटर एका खिळीच्या बोल्टवर झुलता बसविलेला असतो, आणि त्याचे दुसरे टोक लांबट खाच असलेल्या कमानीवर आवळलेले असते. काम एंजिन थंड असताना, किल्ली काढून घेऊन करावे; विजेचा पंखा एंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. दोन्ही बोल्ट थोडे सैल करावयाचे, पण इतके नव्हेत की अल्टरनेटर वेडावाकडा लोंबेल. मग त्याला एंजिनापासून दूर रेटावयाचे. येथे पहार कोठे टेकविली जाते ह्याला फार महत्त्व आहे. अल्टरनेटरचे कवच ॲल्युमिनियमचे व पातळ असते. रेटा पुलीच्या बाजूच्या जाड भागावर द्यावा, मधल्या किंवा मागील भागावर दिल्यास कवच तडकते. काही एंजिनांवर ह्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो आणि पहारेची गरजच पडत नाही. कमानीवरील बोल्ट प्रथम आवळावा, मग खिळीचा. आणि नंतर एंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवून पुन्हा मोजावे, कारण पहिल्या वेळी मोकळ्या भागांत ताण सारखा वाटला गेलेला नसतो. नवा पट्टा असेल तर एंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून, बंद करून, थंड होऊ देऊन तिसऱ्यांदा मोजावे लागते. पट्टा खोबणीत बसतो तेव्हा ताणाचा काही भाग निघून जातो. नव्या व वापरलेल्या पट्ट्यांसाठी पुस्तिकांत निरनिराळे आकडे असतात ते ह्याच कारणाने, आणि थोडा वेळ चाललेला पट्टादेखील तेथे ‘वापरलेला’च समजला जातो. ही तिसरी मोजणी बहुधा टाळली जाते; नवा पट्टा आठवड्यात ओरडू लागण्याचे ते सर्वसामान्य कारण होय.

१९७९ च्या फोर्ड मस्टंगवर अनेक पट्ट्यांऐवजी सर्व यंत्रांभोवती नागमोडी फिरणारा एकच रुंद पट्टा आला, आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. हा पट्टा पातळ असून त्याच्या आतील अंगाला लहान लहान व्ही आकाराचे कंगोरे असतात. दोन कंगोऱ्यांतील अंतर ३.५६ मि. मी. असते. पट्ट्यावर ‘६पीके१७८०’ असे छापलेले असेल तर कंगोरे सहा आणि लांबी १,७८० मि. मी. असा त्याचा अर्थ. पातळपणामुळे तो लहान पुलीवरून सहज वळतो आणि पाठीच्या बाजूनेही पुल्या फिरवू शकतो. ताण राखण्याचे काम त्यावर स्प्रिंगच्या स्वयंचलित टेन्शनरकडे सोपविलेले असते, आणि तो सैल बाजूला बसविलेला असतो. येथे घट्ट करण्याजोगा बोल्ट नाही. पट्टा घसरत असेल तर पट्टा झिजला असावा, टेन्शनरची स्प्रिंग वा त्यातील घर्षणाचा दमक निकामी झाला असावा, किंवा एखादी पुली जाम होत असावी. ह्या तिहींपैकी कोणता दोष आहे हे ठरविल्यावाचून इलाज होत नाही. पुष्कळ टेन्शनरांवर दर्शक खूण असते. ती मर्यादेबाहेर असेल, किंवा मंद गतीत टेन्शनरचा दांडा मोठ्या हेलकाव्यांनी थरथरत असेल, तर केवळ पट्टा बदलणे व्यर्थ होय. काही लहान एंजिनांवर टेन्शनरही नसतो. पॉलिअमाइडच्या लवचिक दोऱ्यांचा पट्टा विशेष हत्याराने ताणून बसवितात आणि काढताना कापून टाकतात. असा पट्टा पुन्हा वापरू नये.

आवाजाकडे आता वळता येईल. पट्ट्याचे आवाज मुख्यतः दोन : लांबलेली किंचाळी आणि तालबद्ध चिवचिव. पहिला आवाज बहुधा घसरण्याचा, दुसरा बहुधा पुल्या एका पातळीत नसल्याचा. दोहोंतील फरक कानाने कळला नाही तर पाण्याचा बारीक फवारा पट्ट्याच्या कंगोऱ्यांवर सुरक्षित अंतरावरून मारून पाहावा. आवाज वाढला तर ताण अपुरा आहे. तो क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर पातळी चुकली आहे. पहिल्या प्रसंगी पाण्याने घर्षण घटून घसरणे वाढते, दुसऱ्यात कंगोऱ्याचे खोबणीच्या भिंतीवर तिरपे घासणे काही काळ मऊ होते. पातळीचा दोष सूक्ष्म असला तरी पुरतो. पुल्यांमधील दर ३० सें. मी. अंतरामागे दीड मि. मी. ही सर्वसाधारण सीमा मानतात, म्हणजे अंशाचा सुमारे तिसरा भाग. नागमोडी पट्ट्याला ह्याहून अधिक तिरपेपणा सोसत नाही. दोन पुल्यांच्या तोंडांवर सरळ पट्टी टेकवून तो दिसतो. पंप किंवा अल्टरनेटर बदलल्यानंतर, पुली पूर्ण आत न दाबली गेल्यास, तो हमखास उद्भवतो. अशा वेळी पट्टा घट्ट केला तर तिरपा दाब वाढतो आणि चिवचिव अधिकच जोरात ऐकू येते. बाजारात मिळणारे चिकट फवारे दोष झाकतात, धूळ गोळा करतात आणि निदान अशक्य करून ठेवतात.

पट्ट्याची तपासणी करण्याची परंपरागत रीत म्हणजे तो उलटून भेगा पाहणे. निओप्रीन रबराच्या पट्ट्यांना ती योग्य होती. ते उष्णतेने कडक होऊन तडकत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्यांची जागा ईपीडीएम ह्या रबराने घेतली. हे रबर लाख-दीड लाख किलोमीटर चालूनही भेगाळत नाही. ते टायरप्रमाणे झिजते. भेग दिसत नाही म्हणून पट्टा चांगला, हा निष्कर्ष त्यामुळे आता धोक्याचा झाला आहे. कंगोऱ्यांच्या भिंती झिजल्या की पट्टा खोबणीत खोल उतरतो, आणि शेवटी खोबणीच्या तळाला टेकतो. त्या क्षणी पाचरीचा गुण संपतो. ४० अंशांच्या कंगोऱ्याने मिळविलेले जवळजवळ तिप्पट घर्षण निघून जाते आणि वरच्या उदाहरणातील सपाट पट्टा उरतो. पाणी वाहून जाण्यास कंगोऱ्यांमधील जागाही उरत नाही. व्ही पट्ट्याच्या बाबतीत हीच अवस्था खोबणीच्या तळाच्या चकाकीवरून ओळखता येते. कंगोऱ्यांसाठी प्लॅस्टिकचे लहान मापक मिळते. ते खोबणीत बसवून कंगोऱ्यांच्या बरोबरीला आले तर पट्टा बदलावा. तेल वा शीतकद्रव लागून फुगलेला, कडेचे दोरे सुटलेला पट्टा मापाची वाट न पाहता काढला पाहिजे, आणि गळती आधी बंद केली पाहिजे.

एकच पट्टा सर्व यंत्रे फिरवू लागला तसा त्याच्या तुटण्याचा अर्थही बदलला. पट्टा तुटताच चालकाला दिसतो तो बॅटरीचा तांबडा दिवा. बॅटरीवर काही अंतर सहज काढता येईल, असा विचार स्वाभाविक आहे. पण ज्या एंजिनात पाण्याचा पंपही ह्याच पट्ट्यावर आहे तेथे तो घातक ठरतो. बोरघाटासारख्या चढणीवर एंजिनावर भार पूर्ण, वाऱ्याचा झोत अल्प आणि पाणी स्तब्ध, अशा स्थितीत काही मिनिटांत सिलिंडरच्या माथ्याचे ॲल्युमिनियम वाकू शकते. स्तब्ध पाणी काट्याच्या संवेदकापाशी तप्त होईलच असे नाही. त्यामुळे काटा उशिरा हलतो. सुकाणू त्याच क्षणी जड झाले असेल, तर तुटला तो पट्टाच ह्याविषयी शंका ठेवू नये आणि एंजिन तत्काळ बंद करावे. पंप दंतुर टायमिंग पट्ट्यावर असेल तर हा धोका नाही. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे आधीच पाहून ठेवावे लागते.

पट्टा अजिबात नको, अशीही एक दिशा अभियंत्यांनी धरली. २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये पाण्याचा पंप व काँप्रेसर विजेवर नेऊन साहाय्यक पट्टा काढून टाकण्यात आला. दुसरी दिशा नेमकी उलट आहे. भारतात २०१५ साली मारुती सुझुकीच्या सिआझ गाडीत आलेल्या जनित्रासारख्या रचनांत पट्ट्यावर बसलेले एकच यंत्र वीजही निर्माण करते आणि एंजिनाला सुरूही करते. येथे ऑयलरच्या सूत्रातील दोन बाजू कायम राहत नाहीत. एंजिन जनित्राला फिरवीत असताना जी बाजू सैल, तीच जनित्र एंजिनाला फिरवू लागताच ताठ होते. एका बाजूला बसविलेला साधा टेन्शनर अशा वेळी उचलला जाऊन दुसरी बाजू लोंबू लागेल. म्हणून अशा अनेक एंजिनांवर दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाबणारे दोन भुजांचे टेन्शनर योजतात. पट्टाही रुंद व अधिक भार सोसणारा असतो, आणि त्याच मापाचा साधा पट्टा त्याच्या जागी चालत नाही. काम करणाराने येथे आणखी एक दक्षता घ्यावयाची असते : सिग्नलपाशी आपोआप थांबलेले एंजिन बंद दिसत असले तरी किल्ली चालू असेतो नियंत्रकाच्या आज्ञेने पट्टा कोणत्याही क्षणी फिरू शकतो.